सागाच्या डेकखाली काय आहे, ते आधी बघा

वाचकाचं पत्र, थोडं आटोपशीर करून:

"मी मूळचा हर्णैचा. बरीच वर्षं सिएटलच्या उत्तरेला एव्हरेटमध्ये नोकरी करतो, वय ५२. ग्रीन कार्ड आहे, नागरिकत्व घेतलेलं नाही. घराजवळच्या मरीनात १९७९ सालची, तैवानला बांधलेली ३४ फुटी ट्रॉलर बोट विकायला आहे. एकच फोर्ड लेहमन १२० इंजिन, डिझेलच्या दोन लोखंडी टाक्या, वर सगळा सागाचा डेक. मालक तीन वर्षांपूर्वी वारले, तेव्हापासून बोट धक्क्यालाच बांधलेली आहे. त्यांचा मुलगा २८,००० डॉलर मागतो. माझ्याकडे सगळे मिळून ६०,००० आहेत. उरलेल्या पैशांत सुट्टीच्या दिवशी स्वतः काम करून पुढच्या मे महिन्यात सॅन हुआन बेटं, मग डेसोलेशन साउंड आणि निवृत्तीनंतर इनसाइड पॅसेजनं अलास्का, असा बेत आहे. मुलानं इंजिन सुरू करून दाखवलं, लगेच लागलं. डेक ही बोटीची शान आहे, घासून पॉलिश केलं की झालं, असं तो म्हणतो. घेऊ का? शिवाय बायको विचारते, 'तुम्ही पाण्यात पडलात तर मी काय करायचं?' तिला पोहता येत नाही. तिची समजूत कशी घालू?"

प्रिय हर्णैकर,

वहिनींचा प्रश्न तुम्ही शेवटी टाकलात, पण अख्ख्या पत्रात सगळ्यांत मोलाचा प्रश्न तोच आहे. त्याच्याकडे नीट येतो. आधी बोट.

सरळ सांगतो, ही बोट २८,००० ला घेऊ नका. हीच बनावट, हेच वय, पण ज्या बोटीचा सागाचा डेक आधीच्या मालकानं काढून वर फायबर केलंय आणि टाक्या बदलून घेतल्यात, अशी शोधा. तिचे ५०,००० पडले तरी ती तुम्हाला स्वस्त पडेल. ६०,००० च्या माणसाला परवडणारी बोट तीच. का, ते समजावून सांगतो, कारण हे कळलं की पुढच्या दहा बोटी तुम्ही स्वतःच पारखाल.

इतर वाचकांसाठी दोन ओळी. इथे ट्रॉलर म्हणून जी बोट विकतात ती मासेमारीची नव्हे. मासेमारी बोटीसारखं जड, गोलसर पोट, खाली लांब कील (तळाचा कणा), वर घरासारखी केबिन, आणि संथ चाल. सत्तरच्या आणि ऐंशीच्या दशकात तैवानच्या यार्डांनी सीएचबी, मरीन ट्रेडर अशा नावांनी या बोटी अमेरिकेसाठी मोठ्या संख्येनं बांधल्या. त्याच घाटाची, पण जास्त काटेकोर बांधणीची ग्रँड बँक्स आधी हाँगकाँगला आणि नंतर सिंगापूरला होऊ लागली. ३४ फुटी बोटीची पाण्यातली लांबी तीस-एकतीस फूट धरा. तिच्या वर्गमुळाला १.३४ नं गुणलं की येतात साडेसात नॉट, म्हणजे ताशी साडेसात सागरी मैल. ही या पोटाची मर्यादा. सात नॉटच्या आत चालवलीत तर लेहमन तासाला दोन गॅलनच्या आसपास डिझेल पितं. त्यापुढे रेटलंत की डिझेल दुप्पट जातं, चाल मात्र जेमतेम वाढते. घाई नसलेल्या माणसासाठी ही फार गुणी बोट आहे, तुमची निवड त्या दृष्टीनं अगदी बरोबर आहे.

त्या काळच्या बोटींचं पोट जाड फायबरचं आहे. बाहेर काढल्यावर खाली फोड दिसतील, त्यांना बघून लोक हादरतात, पण फोडांनी बोट बुडत नाही. या बोटी समुद्राच्या पाण्यानं मरत नाहीत, पावसाच्या पाण्यानं मरतात. पाऊस वरून आत शिरतो आणि लाकूड कुजवतो. एव्हरेटचा हिवाळा तुम्ही बघताच, नोव्हेंबर ते मार्च आभाळ गळतच असतं. अशा ठिकाणी तीन हिवाळे ती बोट कोणी न उघडता, न पुसता उभी आहे.

डेकची रचना अशी. खाली फायबरचा थर, मध्ये लाकडाचे ठोकळे नाहीतर प्लायवूड, वर पुन्हा फायबरचा पातळ थर. तिन्ही एकमेकांना घट्ट चिकटलेले असतील तोवर डेक ताठ राहतो. या वरच्या थरावर सागाच्या पट्ट्या बसवल्या त्या स्क्रूनं, शेकड्यांनी स्क्रू मारून. प्रत्येक स्क्रूनं फायबरला भोक पाडलंय. त्या भोकावर सागाचं एक छोटं बूच आणि पट्ट्यांच्या फटीत काळं रबर, पाणी अडवायला एवढंच. पंचेचाळीस वर्षांत मालकांनी घासून घासून साग पातळ केला, बुचं उडाली, रबर कडेला सुटलं. पाऊस स्क्रूच्या अंगानं खाली उतरतो आणि दोन फायबरच्या मध्ये कोंडून राहतो. तिथे ऊन नाही, वारा नाही. लाकूड वाळायचं कसं? मुलगा म्हणतो तसं आणखी घासलंत तर साग अजून पातळ होईल आणि राहिलेली बुचंही निघतील.

हे तुम्ही स्वतः तासाभरात तपासू शकता, एक पैसा न देता. प्लास्टिकच्या तोंडाची छोटी हातोडी घ्या. केबिनच्या दोन्ही बाजूंच्या चिंचोळ्या डेकवर गुडघे टेकून बसा आणि वितीवितीवर हलकं ठोकत पुढे सरका. ठणठणीत जागेवर कोरडा, टणक आवाज येतो. लाकूड सुटलं असेल तिथे आवाज बसतो, धप्प येतो. फरक पहिल्या पाच मिनिटांत कानाला कळतो. तिथे चिकटपट्टीचा तुकडा लावत चला. डिझेल भरायच्या झाकणाभोवती, कठड्याच्या खांबांच्या बुडाशी आणि नांगर ओढायच्या विंचजवळ जास्त वेळ द्या. शेवटी उभे राहून चिकटपट्ट्या कुठवर गेल्यात ते बघा. चार-दोन ठिकाणी असतील तर दुरुस्ती. सलग दोन्ही बाजूंना असतील तर डेक गेला. मुलानं परवानगी दिली तर एक बूच काढून स्क्रू उलटा फिरवून बाहेर घ्या. स्क्रूच्या आट्यांना चहाच्या रंगाचं ओलं भुसकट चिकटून आलं, की ओल मोजायचं मीटर लावायचीही गरज नाही.

मग आत जा आणि खिडक्यांखाली बघा. बऱ्याच तैवानी बोटींत केबिनच्या भिंती म्हणजे प्लायवूडवर फायबर. खिडकीची सागाची चौकट गळली की भिंत आतून कुजते. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात काळा डाग दिसला तर अंगठ्यानं दाबा.

आता टाक्या. डेक आणि टाक्या ही दोन वेगळी दुखणी आहेत असं लोक समजतात, पण बहुतेक वेळा ते एकच असतं. डिझेल भरायचं झाकण डेकमध्ये, आणि त्याच्या बरोबर खाली टाकी. झाकणाच्या कडेनं झिरपलेलं पाणी थेंबथेंब टाकीच्या सपाट माथ्यावर पडतं आणि तिथेच बसतं. म्हणून या टाक्या वरून, बाहेरून गंजतात. त्या आतून बऱ्या दिसल्या तरी खात्री देता येत नाही. इंजिनखोलीत उतरा, मोबाईल एका काठीला बांधून टाकीच्या माथ्यावरून फिरवा आणि व्हिडिओ घ्या. गंजाचे पापुद्रे पदरापदरानं उठलेले दिसले, किंवा टाकीखालची लाकडी बैठक डिझेलनं काळी पडलेली दिसली, तर टाकी बदलायचीच. टाकीची बाहेरची बाजू आणि बोटीचं पोट यांमधला भाग कुठूनच दिसत नाही, हेही ध्यानात ठेवा.

बदलणं अवघड का, तर केबिन बसवायच्या आधी टाक्या आत ठेवल्या गेल्या. दार नंतर झालं. आता काढायच्या तर इंजिन वर उचला, नाहीतर टाकी जागेवरच कापून तुकड्यांनी बाहेर काढा. नव्या टाक्या मात्र जुन्या मापाच्या करू नका. दोन्ही बाजूंना शंभर-शंभर गॅलनच्या, दारातून जातील अशा, वर हात घालून साफ करता येईल असं झाकण ठेवून करून घ्या. दोनशे गॅलन म्हणजे सात नॉटला सहाशे सागरी मैलांची मजल राखीव ठेवूनही निघते, आणि अलास्काच्या वाटेवर डिझेल ठिकठिकाणी मिळतं.

टाक्या बऱ्या निघाल्या तरी आतलं डिझेल तीन वर्षं पडून आहे. तळाला पाणी आणि गाळ असणार. धक्क्याला बांधलेल्या बोटीत तो गाळ शांत पडून राहतो, म्हणून इंजिन तुमच्यासमोर लगेच लागलं. बोट लाटांवर डोलायला लागली की गाळ ढवळतो, फिल्टर तुंबतो आणि इंजिन बंद पडतं. म्हणजे नेमकं जिथे बंद पडायला नको तिथे. तुमच्या वाटेवरचं डिसेप्शन पास घ्या, पुलाखालची चिंचोळी खिंड, भरती-ओहोटीच्या जोरात प्रवाह आठ नॉटच्या घरात. तुमची बोट सात नॉटची. इंजिन चालू असतानाही तिथे वेळ साधूनच जावं लागतं. म्हणून डिझेल उपसून गाळून घेणं आणि फिल्टरवर व्हॅक्यूम गेज बसवणं ही कामं पहिल्या आठवड्यातली. गेजचा काटा चढायला लागला की फिल्टर तुंबतोय हे इंजिन खोकायच्या आधी कळतं.

इंजिनाबद्दल मात्र निश्चिंत राहा. लेहमन १२० म्हणजे मुळात इंग्लंडच्या फोर्डचं, ३८० घनइंचांचं सहा सिलिंडरचं व्यावसायिक डिझेल. लेहमन कंपनीनं त्याला समुद्राचा साज चढवला. साधं, कमी आर्‌पीएमचं, आणि सुटे भाग आजही मिळतात. त्याच्या दोन खोडी माहीत हव्यात. इंजेक्शन पंपाचं तेल इंजिनाच्या तेलापासून वेगळं असतं, पंपात डिझेल झिरपून ते पातळ होतं, म्हणून दर ५० तासांनी बदलायचं. आधीच्या मालकाच्या वहीत याची नोंद आहे का, बघा. नोंद असेल तर समजा की माणूस जपणारा होता. दुसरी खोडी कूलरची. इंजिन आणि गिअरबॉक्सचं तेल थंड करणारे कूलर खाऱ्या पाण्यावर चालतात. ते आतून फुटले की खारं पाणी गिअरबॉक्सच्या तेलात जातं आणि सगळ्या गिअरबॉक्सचं काम निघतं. कूलर किती जुने आहेत हे कोणी सांगू शकत नसेल तर विचार न करता नवे घाला. त्यासोबत एक्झॉस्टचा एल्बो, म्हणजे वाकडी नळी, काढून आतून बघा. तो आतून गंजतो, आणि फुटला तर पाणी सिलिंडरमध्ये.

"लगेच लागलं" याला मी फारसं वजन देत नाही. तुम्ही पोहोचायच्या आधी अर्धा तास कोणी ते चालवून गरम केलं असेल. पुढच्या वेळी इंजिनवर हात ठेवा, गार लागलं तरच सुरू करायला सांगा. धूर बघा. खरी परीक्षा बाहेर पाण्यात होते. पोट आणि पाण्याखालचा पंखा साफ केल्यावर पूर्ण थ्रॉटलला २,५०० आर्‌पीएम गाठतंय का, आणि दहा मिनिटं तसं ठेवल्यावर पाण्याचं तापमान थांबतंय की चढत जातंय. इंजिन आणि गिअरबॉक्स, दोन्हींच्या तेलांचे नमुने प्रयोगशाळेत पाठवा, खर्च किरकोळ आहे.

विजेकडे लोक डोळेझाक करतात, आणि धक्क्यावरच्या आगी बहुधा तिथूनच लागतात. किनाऱ्याची वीज घ्यायचा ३० अँपिअरचा प्लग काढून त्याच्या पितळी दात्या बघा. एकही काळी किंवा वितळलेली असेल तर ती वायर आणि तो सॉकेट त्याच दिवशी बदलायचा. पंचेचाळीस वर्षांत प्रत्येक मालकानं एकेक वायर ओढलेली असते. कुठली कुठे जाते ते कोणालाच माहीत नसतं. पाण्याखालच्या धातूंना वाचवायला लावलेले जस्ताचे तुकडेही तीन वर्षांत संपून गेले असतील. बोट वर काढल्यावर पंख्याचं एक पातं खरवडा. पिवळ्याऐवजी गुलाबी झाक दिसली तर धातूतलं जस्त निघून गेलंय, तो पंखा ठिसूळ झाला.

हे सगळं बघूनही मन त्याच बोटीवर असेल तर हिशेब मांडा. सर्व्हे (तज्ज्ञाकडून बोटीची तपासणी), इंजिन तपासणी आणि हॉल-आउट (बोट पाण्याबाहेर काढणं) मिळून दोन-तीन हजार डॉलर. वॉशिंग्टनमध्ये खासगी व्यवहारातही बोट नावावर करताना सुमारे दहा टक्के कर. यार्डाचा दर ताशी सव्वाशे-दीडशे डॉलर धरलात तर टाक्या पंधरा-वीस हजार, आणि दोन्ही बाजूंचा डेक काढून नवा करायला त्याहून जास्त. खिडक्या, वायरिंग, कूलर, एक्झॉस्ट, पाण्याच्या नळ्या मिळून आणखी दहा-बारा हजार. माझ्या अंदाजानं २८,००० ची बोट ८५-९० हजारांवर जाऊन थांबेल, आणि विकायला काढलीत तर पन्नासही येणार नाहीत. याशिवाय धक्क्याचं भाडं, विमा आणि खालचा रंग मिळून वर्षाला आठ-दहा हजार, बोट हलली नाही तरी.

तुम्ही म्हणाल, मजुरी माझी. डेकचं काम हातानं होण्यासारखं आहे, सामान पाच-सहा हजारांत येईल, मी त्याला नाही म्हणत नाही. पण वेळेचा विचार करा. साग काढल्यावर आतलं लाकूड पूर्ण कोरडं व्हावं लागतं, आणि इपॉक्सी दहा अंश सेल्सिअसखाली धड आवळत नाही. पुजेट साउंडवर, म्हणजे तुमच्या इथल्या खाडीवर, त्यासाठी भरवशाचे महिने जुलै, ऑगस्ट आणि सप्टेंबर. नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी करणाऱ्याला दोन उन्हाळे जातात, तेही वर छप्पर उभारून. पुढचा मे विसरा. शिवाय सगळे यार्ड मालकाला स्वतः काम करू देत नाहीत, पोर्ट टाउनसेंडचं बोट हेवन देतं. हर्णैला पावसाळ्यात बोटी वर ओढल्या की सगळा गाव हाताशी असतो. इथे तुम्ही एकटे असाल, श्वासाला मास्क लावून, गुडघ्यांवर.

ही बोट घ्यावी असा एकच मार्ग मला दिसतो. हातोडीला डेक बऱ्यापैकी टणक लागला, टाक्यांचे माथे कोरडे निघाले, आणि मुलगा १२-१५ हजारांवर आला, तर. तो येऊही शकतो, कारण धक्क्याचं भाडं दरमहा त्याच्या खिशातून जातंय. लेखी ऑफर द्या, "सर्व्हे आणि सी-ट्रायल समाधानकारक असल्यास" हे वाक्य त्यात हवंच (सी-ट्रायल म्हणजे बोट बाहेर पाण्यात चालवून बघणं), आणि अनामत तिसऱ्याच्या ताब्यात ठेवा. सर्व्हेअर सॅम्स किंवा नॅम्स या संस्थांचा मान्यताप्राप्त, आणि तुम्ही निवडलेला. विकणाऱ्यानं किंवा ब्रोकरनं सुचवलेला नको. तो तपासत असताना दिवसभर सोबत राहा. छापील अहवालापेक्षा त्याच्या मागे मागे फिरून जास्त शिकायला मिळतं. इतक्या जुन्या बोटीचा विमा कंपन्या सर्व्हे बघूनच उतरवतात, आणि विमा नसेल तर बरेच मरीना जागा देत नाहीत.

बोट कुठलीही घ्या, कामाचा क्रम मोडू नका. पहिल्या वर्षी पाणी आत येणं थांबवायचं, वरूनही आणि खालूनही. म्हणजे झाकणं, चौकटी, आणि पोटातून जाणारे सगळे व्हॉल्व्ह. घरातल्या नळासारखे फिरणारे पितळी गेट व्हॉल्व्ह दिसले तर काढून ब्राँझचे सीकॉक बसवा. मग आग: वायरिंग, बॅटरीलगत फ्यूज, गॅसची टाकी बाहेर हवेशीर कप्प्यात, कारण हा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि गळला की बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाशी, साठतो. मग इंजिन आणि सुकाणू. मग भक्कम नांगर आणि साखळी, कारण इंजिन बंद पडलं की तेवढाच आधार उरतो. गाद्या, स्वयंपाकघर, मोठे स्क्रीन हे एक मोसम फिरून आल्यावर. कुठला कप्पा उपयोगाचा आणि कुठला डोक्याला लागतो, ते बोटीवर चार रात्री राहिल्याशिवाय कळत नाही. डिझेलचा हीटर मात्र लवकर बसवा. ओल आणि थंडी या दोन गोष्टींमुळे घरची माणसं बोटीवर यायची बंद होतात.

आता वहिनी. तुम्ही लिहिलंत, तिची समजूत कशी घालू. समजूत घालू नका, उत्तर द्या. इथलं पाणी उन्हाळ्यातही दहा अंशांच्या थोडंच वर असतं. अचानक आत पडलेल्या माणसाला पहिल्या मिनिटात धाप लागते, दहा-पंधरा मिनिटांत हातातली ताकद जाते. पट्टीच्या पोहणाऱ्याचंही तेच होतं. तेव्हा पोहता येणं हा इथे मुद्दाच नाही. लाईफ जॅकेट अंगावर असणं हा मुद्दा आहे, आणि डेकवर पाऊल टाकताना ते तुम्ही आधी घालायचं, म्हणजे त्यांना सांगावं लागणार नाही. बोटीच्या मागे पाण्यातूनही खाली ओढता येईल अशी शिडी हवी. रेडिओ डीएससी बटणवाला (एका बटणानं संकटाचा संदेश जातो), त्यात तुमचा एमएमएसआय क्रमांक, म्हणजे बोटीचा ओळख क्रमांक, भरलेला, जीपीएस जोडलेला. लाल झाकण उचलून बटण दाबून धरायचं, आणि मग चॅनल १६ वर बोलायचं, हे त्यांनी बंद इंजिनावर, निवांतपणे, पुन्हा पुन्हा करून बघावं (बटण न दाबता). लेहमन बहुतेक बोटींवर चावी फिरवून बंद होत नाही, त्याची वेगळी दोरी ओढावी लागते. ती कुठे आहे ते त्यांच्या हाताला माहीत हवं. बोट न्यूट्रलला घेणं, थांबवणं, वळवून परत आणणं, हे त्यांना तुमच्याइतकंच आलं पाहिजे. पाण्यात उशी टाकायची आणि त्यांनी बोट तिच्याशी आणायची, असा सराव करा. तुम्ही त्या वेळी चाकाला हात लावायचा नाही.

वॉशिंग्टनमध्ये १५ अश्वशक्ती किंवा त्याहून जास्त ताकदीची बोट चालवायला, १ जानेवारी १९५५ नंतर जन्मलेल्यांना, बोटर एज्युकेशन कार्ड लागतं. दोघांनीही परीक्षा द्या. आणि मी तर म्हणेन, काहीही विकत घ्यायच्या आधी या सप्टेंबरात बेलिंगहॅम किंवा अनाकोर्टेसहून अशीच एखादी ट्रॉलर आठवडाभर भाड्यानं घ्या, सोबत शिकवणारा कॅप्टन घेऊन. मोसम सरत आलेला असतो, दर उतरतात. बाजूनं लाट आली की या बोटी किती डोलतात ते दोघांनाही कळेल. कॅप्टनला आधीच सांगा की शिकवायचं ते वहिनींना. नवऱ्याकडून शिकण्यापेक्षा परक्याकडून माणूस लवकर शिकतो. आठवड्याच्या शेवटी त्या नको म्हणाल्या, तर तुमचे साठ हजार वाचले. हो म्हणाल्या, तर तुम्हाला बोटीवर दुसरा तांडेल मिळाला, आणि दुसरा तांडेल नसेल तर अलास्काचा विचारही करू नये असं माझं ठाम मत आहे.

भरती-ओहोटी तुम्हाला शिकवायला नको, पण इथली एक गोष्ट सांगतो. दिवसातल्या दोन ओहोट्या सारख्या नसतात. इथे एक ओहोटी पार तळाला जाते आणि दुसरी जेमतेम उतरते. उथळ खाडीत नांगर टाकताना रात्रीची ओहोटी कुठली आहे ते तक्त्यात बघूनच टाका. आणि प्रवास दिवसाउजेडी. या पाण्यात लाकूडतोडीचे सुटलेले ओंडके तरंगतात. काही उभे असतात, टोक तेवढं पाण्यालगत. अंधारात ते दिसत नाहीत.

शेवटी कागद. तुम्ही नागरिक नसल्यामुळे कोस्ट गार्डकडचं फेडरल डॉक्युमेंटेशन तुमच्या नावावर होणार नाही, ग्रीन कार्डावर ते मिळत नाही. त्यानं काही बिघडत नाही, राज्याची नोंदणी आणि टायटल तुम्हाला मिळतं. पण वडिलांनी ती बोट डॉक्युमेंट केलेली असेल तर ती नोंद आधी रद्द करून घ्यावी लागेल, आणि ते काम मुलाचं आहे. त्याच कार्यालयातून बोटीचा अॅबस्ट्रॅक्ट ऑफ टायटल मागवा. बोटीवर कर्ज किंवा बोजा नोंदलेला असेल तर त्यात दिसतो. न दिसणारा बोजाही असू शकतो. धक्क्याचं थकलेलं भाडं, यार्डाचं बिल, ही देणी इथल्या कायद्यात बोटीला चिकटतात. मालक बदलला तरी ती बोटीबरोबर तुमच्याकडे येतात. म्हणून मरीनाच्या ऑफिसकडून "बाकी काही नाही" असं लेखी घ्या. आणि मुलगा विकतो आहे खरा, पण विकायचा अधिकार कोर्टानं त्याच्या नावे दिलाय का? तो कागद डोळ्यांनी बघा. भावंडं असतील तर विशेषच.

कॅनडात जाताना ग्रीन कार्ड आणि चालू भारतीय पासपोर्ट दोन्ही जवळ हवेत, आणि ठरवून दिलेल्या बंदरात आधी कस्टम्सला वर्दी देऊन मगच नांगर टाकायचा. डेसोलेशन साउंड तिकडेच आहे.

या शनिवारी हातोडी घेऊन जा. चिकटपट्ट्या लावलेल्या डेकचे आणि टाक्यांच्या माथ्याचे फोटो मला पाठवा, मग किती ऑफर द्यायची ते आकड्यानिशी सांगतो. तोवर मुलाच्या हातावर अनामत ठेवू नका.